सिलिकोसिस : दगडाची धूळ फुप्फुसात गेल्यावर पेशींमध्ये काय घडते?

दगड फोडणे, फरशी कापणे, बोगदा किंवा विहीर खोदणे, वाळूच्या साच्यात वितळलेले लोखंड ओतणे, काच किंवा सिरॅमिकसाठी खडी दळणे. या कामांत उडणाऱ्या बारीक धुळीमुळे फुप्फुसांना जो कायमचा आजार होतो त्याला सिलिकोसिस म्हणतात. या आजाराचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक दोन प्रश्न हमखास विचारतात. "धुळीचं काम सोडून चार वर्षं झाली, तरी दम वाढतोच आहे, असं का?" आणि "आत साठलेली धूळ बाहेर काढायचं औषध नाही का?"

या दोन्ही प्रश्नांचे उत्तर फुप्फुसातील एका पेशीपाशी मिळते. ती पेशी धुळीचा कण गिळते तेव्हा काय होते हे एकदा समजले, की आजार का वाढतो, क्षयरोग का होतो आणि प्रतिबंधावर इतका भर का दिला जातो, हे सगळे आपोआप स्पष्ट होते. म्हणून या लेखात लक्षणांआधी पेशींची गोष्ट समजून घेऊ.

सिलिका म्हणजे काय?

सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचे संयुग म्हणजे सिलिका. निसर्गात ते सर्वाधिक क्वार्ट्झ म्हणजेच गारगोटीच्या रूपात आढळते. साधी पांढरी वाळू, वालुकाश्म, ग्रॅनाइट, स्लेट, अकीक या सगळ्यांत क्वार्ट्झ असते. फुप्फुसाला धोका आहे तो अशा स्फटिकरूप सिलिकेचा. काचेतील किंवा वनस्पतींतील सिलिका स्फटिकरूप नसते आणि तिचा त्रास बराच कमी असतो.

प्रत्येक दगड सारखा धोकादायक नसतो. महाराष्ट्रात सर्वत्र दिसणाऱ्या काळ्या बसाल्टमध्ये मोकळे क्वार्ट्झ कमी असते. ग्रॅनाइटमध्ये ते साधारण पाव ते एक तृतीयांश असू शकते. स्वयंपाकाच्या ओट्यासाठी वापरल्या जाणाऱ्या कृत्रिम क्वार्ट्झ फरशीत ते अनेकदा ९० टक्क्यांहून जास्त असते. ही फरशी कापणाऱ्या तरुण कामगारांना थोड्या वर्षांत गंभीर सिलिकोसिस होऊ लागल्यामुळे ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून तिच्यावर बंदी घातली.

कोल्हापूरसारख्या फाउंड्रीच्या गावांत साचे आणि कोअर बनवण्यासाठी सिलिका वाळूच वापरली जाते. साचा फोडून कास्टिंग बाहेर काढताना आणि ते घासून साफ करताना ही धूळ सर्वाधिक उडते.

दिसणारी धूळ आणि न दिसणारी धूळ

मोठे कण नाकात अडकतात किंवा श्वासनलिकेतील चिकट थुंकीत रुततात. श्वासनलिकेच्या आतल्या अस्तरावर केसांसारखे सूक्ष्म तंतू असतात. ते ही थुंकी सतत वर ढकलतात आणि आपण ती खोकून टाकतो किंवा गिळतो. त्यामुळे अंगावर, भुवयांवर बसणारी पांढरी धूळ दिसायला भयंकर असली तरी तिचा बराच भाग फुप्फुसाच्या तळापर्यंत जात नाही.

खरा धोका त्याहून बारीक कणांचा असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. पाच मायक्रॉनहून लहान कण नाकाचा आणि श्वासनलिकांचा पहारा चुकवून थेट वायुकोशांत पोहोचतात. हे कण डोळ्यांना सुटे दिसत नाहीत आणि हवेत तासन्‌तास तरंगत राहतात. म्हणून "आता धूळ बसली" असे वाटते तेव्हाही श्वासातून ते आत जातच असतात.

घातक मात्रा किती थोडी असते पाहा. अमेरिकेतील कायद्यानुसार आठ तासांच्या पाळीत हवेतील अशा सिलिकेची सरासरी मर्यादा एका घनमीटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे. कष्टाचे काम करणारा माणूस एका पाळीत सुमारे १० घनमीटर हवा आत घेतो. म्हणजे दिवसाला अर्धा मिलिग्रॅम, मिठाच्या काही कणांइतके वजन. यापेक्षा जास्त नको, असा त्याचा अर्थ.

वायुकोशातील सफाई करणारी पेशी

फुप्फुसांत तीस ते पन्नास कोटी वायुकोश असतात. त्यांची भिंत इतकी पातळ असते की हवेतील ऑक्सिजन सहज रक्तात उतरतो. इथे चिकट थुंकी किंवा ढकलणारे तंतू नसतात, कारण त्यांनी भिंत जाड झाली असती. इथली सफाई एका फिरत्या पेशीकडे असते. तिचे नाव मॅक्रोफेज, म्हणजे भक्षक पेशी.

ही पेशी वायुकोशात हिंडत असते. जंतू, मेलेल्या पेशी, धुळीचे कण जे सापडेल त्याला ती चारही बाजूंनी वेढते आणि गिळते. गिळलेली वस्तू पेशीच्या आत एका पिशवीत बंद होते. मग या पिशवीला लायसोसोम नावाची दुसरी पिशवी येऊन मिळते. लायसोसोममध्ये आम्ल आणि पाचक एन्झाइम असतात. जंतू असेल तर तो इथे विरघळून जातो.

काजळीचा कण विरघळत नाही, पण पेशी तो पोटात घेऊन वर्षानुवर्षे शांतपणे जगू शकते. शहरात राहणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या फुप्फुसात असे काळे ठिपके असतात आणि त्यांचा सहसा त्रास होत नाही. सिलिकेचा कण मात्र शांत बसत नाही.

गिळलेला कण पेशीला कसा मारतो?

सिलिकेच्या कणाच्या पृष्ठभागावर सिलॅनॉल नावाचे रासायनिक गट असतात. दगड फुटतो तेव्हा या गटांची मूळची व्यवस्थित मांडणी विस्कटते. असा विस्कटलेला पृष्ठभाग पेशीतील पातळ पडद्यांना चिकटतो आणि त्यांना इजा करतो. शिवाय ताज्या फुटलेल्या कणावर फ्री रॅडिकल्स, म्हणजे अतिशय क्रियाशील रासायनिक तुकडे तयार झालेले असतात. तेही पडदे जाळतात. म्हणूनच ताजी फुटलेली धूळ जुन्या धुळीपेक्षा जास्त विषारी असते आणि वाळूचा मारा करून लोखंड साफ करण्याचे काम, म्हणजे सँडब्लास्टिंग, विशेष धोक्याचे ठरते.

या इजेमुळे लायसोसोमचा पडदा फाटतो. आतील आम्ल आणि एन्झाइम पेशीच्या आतच सांडतात. दुसऱ्याला पचवण्यासाठी ठेवलेला रस पेशीला स्वतःलाच पचवू लागतो.

पेशी मरण्याआधी आणखी एक गोष्ट घडते. तिच्या आत एनएलआरपी३ नावाच्या प्रथिनाची धोक्याची घंटा असते. लायसोसोम फुटला की ही घंटा वाजते. मग कॅस्पेज-१ हे एन्झाइम जागे होते आणि इंटरल्युकिन-१ बीटा नावाचा दाहकारक संदेश तयार करून बाहेर सोडते. सिलिका आणि ॲस्बेस्टॉस ही घंटा कशी वाजवतात हे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनांतून पुढे आले. त्याआधी "धूळ टोचते म्हणून वण होतो" असे सोपे स्पष्टीकरण दिले जायचे. प्रत्यक्षात ही टोचण नसून शरीराच्या स्वतःच्या संरक्षणयंत्रणेने केलेला अखंड आरडाओरडा आहे.

एकच कण, अनेक पेशींचा मृत्यू

आता पहिल्या प्रश्नाचे उत्तर. पेशी मरते आणि फुटते. तिच्यातील सगळे पदार्थ बाहेर पडतात आणि कणही बाहेर पडतो. कणाला काहीच झालेले नसते. तो विरघळलेला नाही, झिजलेला नाही. जवळची दुसरी मॅक्रोफेज येऊन तोच कण गिळते. तिच्याही आत लायसोसोम फाटतो, घंटा वाजते, ती मरते, कण पुन्हा मोकळा होतो. मग तिसरी पेशी येते.

हे चक्र चालू ठेवायला नवीन धुळीची गरज नसते. आधी आत गेलेले कण पुरेसे असतात. म्हणून काम सोडल्यावरही आजार वाढू शकतो आणि काही जणांना तो काम सोडल्यानंतर कित्येक वर्षांनी प्रथम लक्षात येतो. याचा अर्थ काम सोडून उपयोग नाही असा मात्र मुळीच नाही. आतील कण जितके जास्त, तितकी ही चक्रे जास्त. धूळ लवकर थांबली तर आजाराचा वेगही बहुधा कमी राहतो.

फुप्फुसात वण कसा तयार होतो?

हाताला कापले की वण उठतो. तिथे काम करणाऱ्या पेशी म्हणजे फायब्रोब्लास्ट. त्या कोलॅजेन नावाचे चिवट तंतू विणून जखम बंद करतात. काम संपले की त्या थांबतात.

सिलिकोसिसमध्ये मरणाऱ्या मॅक्रोफेज इंटरल्युकिन-१ बरोबरच टीएनएफ-अल्फा आणि टीजीएफ-बीटा असे संदेशही सोडत राहतात. त्यांतील टीजीएफ-बीटा हा फायब्रोब्लास्टना "वीण सुरू करा" असे सांगणारा मुख्य संदेश. वायुकोशाच्या अस्तरातील पेशीही दुखावतात आणि त्याही असेच संदेश पाठवतात. जखम कधीच संपत नसल्यामुळे वीणही संपत नाही. जिथे स्पंजासारखी मऊ, हवेने भरलेली ऊती होती तिथे कोलॅजेनचे घट्ट गोळे तयार होतात.

सूक्ष्मदर्शकाखाली ही गाठ ओळखू येते. मध्यभागी कांद्याच्या पापुद्र्यांसारखे एकाभोवती एक कोलॅजेनचे थर आणि कडेला धूळ गिळलेल्या मॅक्रोफेजचे कडे. गाठ या कडेच्या बाजूने वाढते. सुरुवातीला या गाठी काही मिलिमीटरच्या असतात आणि बहुतेक करून फुप्फुसांच्या वरच्या भागात दिसतात. काही रुग्णांत त्या एकमेकींना जोडल्या जाऊन एक सेंटिमीटरहून मोठे गोळे होतात. हा आजाराचा गंभीर टप्पा. आजूबाजूचे फुप्फुस खेचले जाते, श्वासनलिका वाकतात आणि दम झपाट्याने वाढतो.

किती वर्षांत होतो?

हे धुळीच्या प्रमाणावर ठरते. ढोबळमानाने तीन प्रकार मानले जातात.

दीर्घकालीन सिलिकोसिस: कमी किंवा मध्यम धुळीत दहा वर्षे किंवा त्याहून अधिक काम केल्यावर. हा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार.

वेगाने वाढणारा सिलिकोसिस: जास्त धुळीत पाच ते दहा वर्षांत.

तीव्र सिलिकोसिस: अतिशय दाट धुळीत काही आठवड्यांपासून पाच वर्षांच्या आत. यात गाठी तयार व्हायलाही वेळ मिळत नाही. वायुकोश प्रथिनयुक्त चिकट द्रवाने भरून जातात.

गुजरातमधील गोध्रा परिसरात क्वार्ट्झ दळणाऱ्या कारखान्यांत काम केलेल्या मध्य प्रदेशातील झाबुआ, अलिराजपूर, धार जिल्ह्यांतल्या आदिवासी मजुरांना अगदी थोड्या काळाच्या कामानंतर हा आजार झाला. त्यांतील २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली गुजरात सरकारला दिला. तेव्हा "दहा-पंधरा वर्षं काम केल्याशिवाय काही होत नाही" या समजावर विसंबू नका.

क्षयरोगाशी असलेले नाते

क्षयाचे जंतू फुप्फुसात शिरल्यावर त्यांना गिळून रोखणारी पहिली पेशी कोणती? हीच, मॅक्रोफेज. सिलिकेने तिला मारले किंवा जायबंदी केले, की क्षयाच्या जंतूंना मोकळे रान मिळते. सिलिकोसिसच्या रुग्णांना क्षयरोग होण्याची शक्यता इतरांच्या तिपटीहून जास्त असते. गाठी दिसण्याआधीही, नुसत्या धुळीमुळे, ही शक्यता वाढलेली असते.

यातून निदानाचे दोन घोटाळे होतात. एक्स-रेमध्ये वरच्या भागात बारीक ठिपके दिसले, की सिलिकोसिसला क्षय समजून थुंकीत जंतू न सापडताही पुन्हा पुन्हा क्षयाची औषधे दिली जातात. उलट, सिलिकोसिस माहीत असलेल्या रुग्णाला नव्याने झालेला क्षय "धुळीचाच खोकला" म्हणून दुर्लक्षिला जातो. दोन्ही टाळण्याचा उपाय एकच: थुंकीची सीबीनॅट किंवा ट्रूनॅट तपासणी करणे आणि डॉक्टरांना कामाचा पूर्ण इतिहास सांगणे. सिलिकोसिस असेल आणि क्षय नसेल, तर क्षय होऊ नये म्हणून प्रतिबंधक औषधांचा कोर्स घ्यावा का, हेही डॉक्टरांना जरूर विचारा.

याखेरीज स्फटिकरूप सिलिकेमुळे फुप्फुसाचा कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ साली जाहीर केले. सीओपीडी, मूत्रपिंडाचे विकार, तसेच संधिवात आणि स्क्लेरोडर्मा यांसारखे स्वयंप्रतिकार आजारही या धुळीशी जोडलेले आहेत.

लक्षणे आणि तपासण्या

सुरुवातीला काहीच जाणवत नाही. फुप्फुसाची राखीव क्षमता मोठी असल्याने बरेच नुकसान होईपर्यंत शरीर चालवून घेते. नंतर चढ चढताना दम लागणे, कोरडा किंवा कफाचा खोकला, थकवा, छातीत आवळल्यासारखे वाटणे, वजन घटणे ही लक्षणे दिसतात. ताप, रात्री घाम येणे किंवा थुंकीतून रक्त पडणे असेल तर आधी क्षयाची तपासणी करा.

निदान तीन गोष्टींवर होते: धुळीतील कामाचा इतिहास, छातीच्या एक्स-रेतील किंवा सीटी स्कॅनमधील विशिष्ट ठिपके आणि तसे दिसणारे इतर आजार नसल्याची खात्री. फुंकर मारून करायची स्पायरोमेट्री फुप्फुसाची ताकद किती उरली आहे ते दाखवते. सुरुवातीच्या टप्प्यात ती सामान्य येऊ शकते, म्हणून केवळ तिच्यावर भरवसा ठेवू नये.

उपचाराने काय होते, काय होत नाही?

आता दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर. धूळ श्वासनलिकेत साठलेली नसते. ती पेशींच्या आत आणि कोलॅजेनच्या गाठींत अडकलेली असते. कफ पातळ करणारे औषध, वाफ किंवा काढा तिथे पोहोचून तिला बाहेर काढू शकत नाही. तयार झालेला वण विरघळवणारे औषधही आज उपलब्ध नाही. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी दीर्घकालीन सिलिकोसिस बरा होत नाही, उलट क्षयाचा धोका वाढतो. त्या स्वतःहून घेऊ नका.

तरीही करण्यासारखे पुष्कळ आहे. धूळ पूर्ण थांबवणे, विडी-सिगारेट सोडणे, क्षय वेळेवर शोधून पूर्ण उपचार घेणे, फ्लू आणि न्यूमोकॉकसची लस, दम्यासारखा त्रास असेल तर इनहेलर, श्वसनाचे व्यायाम आणि गरजेनुसार ऑक्सिजन. वण वेगाने वाढत असलेल्या निवडक रुग्णांत निंटेडॅनिबसारखी औषधे वेग कमी करण्यासाठी छातीविकारतज्ज्ञ देऊ शकतात. अगदी शेवटच्या टप्प्यात फुप्फुस प्रत्यारोपणाचा विचार होतो.

दोन नेहमीचे गैरसमज

"गूळ खाल्ला की धूळ उतरते." गूळ अन्ननलिकेतून पोटात जातो, धूळ फुप्फुसातील पेशींत असते. दोन्हींचे रस्ते वेगळे आहेत. गूळ आवडीने खा, पण त्याच्या भरवशावर धुळीत उभे राहू नका.

"तोंडाला ओला रुमाल बांधतो, पुरेसं आहे." रुमालाच्या विणीतील छिद्रे पाच मायक्रॉनच्या कणापेक्षा कितीतरी मोठी असतात. रुमाल दिसणारी धूळ अडवतो, घातक धूळ आत सोडतो.

प्रतिबंध: कण पेशीपर्यंत पोहोचूच देऊ नका

मॅक्रोफेज कणाला हरवू शकत नाही. म्हणून जो काही उपाय करायचा तो कण नाकापर्यंत पोहोचण्याआधी. उपायांचा क्रमही महत्त्वाचा आहे.

१. शक्य तिथे सिलिका वापरूच नका. सँडब्लास्टिंगसाठी वाळूऐवजी स्टीलचे छर्रे वापरता येतात. ब्रिटनने या कामासाठी सिलिका वाळूवर १९५० सालीच बंदी घातली.

२. कापताना, ड्रिल करताना पाणी सोडा. ओली धूळ उडत नाही.

३. धूळ जिथे उडते तिथेच ती ओढून घेणारी यंत्रणा बसवा. साधा पंखा धूळ फक्त पसरवतो.

४. झाडूने किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने साफसफाई करू नका. ओल्या फडक्याने पुसा किंवा बारीक कण अडवणारा व्हॅक्यूम वापरा.

५. वरील उपायांनंतरही धूळ राहत असेल तर किमान एन-९५ दर्जाचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क वापरा. दाढीमुळे कडा उघड्या राहतात. दाट धुळीत याहून वरच्या दर्जाचा मास्क लागतो.

६. कामाचे कपडे घालून घरी जाऊ नका. घरची माणसे, विशेषतः लहान मुले, तीच धूळ श्वासात घेतात.

तुमची नोंद, तुमचा हक्क

१९४८ च्या कारखाने कायद्याने सिलिकोसिस अधिसूचित आजारांच्या यादीत घातला. म्हणजे निदान झाल्यावर त्याची नोंद सरकारी यंत्रणेकडे होणे अपेक्षित आहे. कर्मचारी नुकसानभरपाई कायद्यातही व्यवसायजन्य आजारांसाठी तरतूद होती आणि ईएसआय योजनेतही तशी तरतूद आहे. राजस्थानने २०१९ साली सिलिकोसिसग्रस्तांसाठी स्वतंत्र धोरणही केले. मात्र कुठे, किती वर्षे आणि काय काम केले याचा पुरावा नसेल तर हक्क सिद्ध करणे अवघड जाते. पगारपत्रक, हजेरी कार्ड, ओळखपत्र, जुने एक्स-रे यांपैकी काहीही फेकू नका. केसपेपरवर आपला व्यवसाय नुसता "मजूर" असा न लिहिता "फाउंड्री, १२ वर्षे" किंवा "ग्रॅनाइट कटिंग, ६ वर्षे" असा लिहून घ्या.

डॉक्टरांना कधी भेटावे?

धुळीच्या कामात असाल तर त्रास नसतानाही कामाच्या सुरुवातीला एकदा आणि त्यानंतर नियमितपणे एक्स-रे व स्पायरोमेट्री करून घ्या. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, आधी सहज जमणाऱ्या कामाला दम लागणे, ताप किंवा वजन घटणे यांपैकी काहीही असेल तर थांबू नका. काम सोडले असले तरीही तपासणी चालू ठेवा, कारण आत राहिलेला कण तुमच्याबरोबर निवृत्त झालेला नसतो. आणि डॉक्टरांनी विचारले नाही, तरी पहिल्याच भेटीत सांगा: "मी इतकी वर्षं धुळीत काम केलं आहे."